रजिस्टरमधलं सलाईन

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून कुणी गेलं-बिलं असं समजू नकोस. सगळे आहेत. आईचा गुडघा आहे, गुडघ्याची तक्रार आहे, आणि दर रविवारी "त्याला फोन लाव" हा हुकूमही आहे. मी लावते, तू उचलत नाहीस. म्हणून आता पत्र.

कामाचं बोलते. सोबत थर्मोकोलचा डबा आहे, त्यात दोन नळ्या. लाल बुचाच्या नळीत घोडीचं सीरम, जांभळ्या बुचाच्या नळीत नराचं रक्त. दोन्ही एकत्र करून तांबड्या पेशी गोळा होतात का, फुटतात का, तेवढं बघायचं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचा मुख्य झालास असं ऐकते, तेव्हा तुला मी काय शिकवणार. पण मोठी बहीण आहे, शिकवणारच.

घोडी म्हणजे तांबडी. हो, तीच. परत गाभण आहे आणि महिनाअखेरीस व्यायची आहे. पागेच्या मालकीणबाईंनी या खेपेला नर बदललाय, त्यामुळे त्या अगदी निर्धास्त आहेत. "मागच्या वेळी त्या दोघांचं रक्त जुळत नव्हतं, आता घोडाच दुसरा आहे, मग कसली भीती?" असं म्हणतात. मलाही फारशी भीती वाटत नाही. तरी बघून ठेवलेलं बरं.

मोतद्दारकाकांना परवा हे सगळं समजावलं. म्हटलं, शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, ती आईच्या पहिल्या चिकातून मिळते. पण एखाद्या घोडीच्या चिकात शिंगराच्याच रक्तावर उठणाऱ्या अँटीबॉडीज असतात. ते शिंगरू जन्मतं धडधाकट, चीक पितं, आणि दोन दिवसांत पिवळं पडून मरतं. काका म्हणाले, "मग पाजायचाच नाही." मी म्हटलं, "नाही पाजला तर साध्या नाळेच्या जंतूनं मरतं." त्यावर काका बराच वेळ माझ्याकडे असे बघत राहिले, जणू ही व्यवस्था मीच लावली आहे.

तुला हे नवीन नाही. मागच्या वेळचं जे झालं ते झालं. निकाल लवकर कळव, दिवस थोडे आहेत.

ताई

ता. क. जांभळ्या नळीतलं रक्त कसं मिळवलं ते विचारू नकोस. जंतांची तपासणी करते असं सांगून घेतलं.


९ फेब्रुवारी

धाकट्या,

डबा परत आला. नळ्या न उघडता, बर्फाचं पाणी झालेला, वर तुझी चिठ्ठी: "मालकाच्या सहीशिवाय आलेला नमुना तपासला जात नाही. अर्ज सोबत जोडला आहे." खाली तुझी सही, हुद्दा, शिक्का. नशीब, जावक क्रमांक घातला नाहीस.

आईला दाखवली. ती म्हणाली, "अक्षर सुधारलंय."

तू लहानपणी गोठ्यामागे लपून माझ्या सिरिंजा पळवायचास आणि बेडकांना पाणी टोचायचास, तेव्हा बेडकांची सही घेतली होतीस का? मला वाटलं होतं, निदान हातातलं काम बघून तरी तू राग बाजूला ठेवशील. घोडी वीस-बावीस दिवसांत वितेय आणि तुला कागद हवेत.

अर्ज वाचला. मालकाचं नाव, जनावराचं वय, पूर्वीची बाळंतपणं, सगळं ठीक. मग सात नंबर. "या जनावरास पूर्वी कधीही दुसऱ्या जनावराचे रक्त चढवले आहे काय?" हा प्रश्न सगळ्यांच्या अर्जात छापलेला असतो, की माझ्यासाठी मुद्दाम घातलास?

मालकीणबाईंकडे सही मागायला गेले होते. अर्ज हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही उगाच घाबरवता. नर बदललाय ना? मग झालं." आणि चहा मागवला. मी चहा पिऊन परत आले. मला कुणी चहा पाजून परत पाठवत नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र आले.

सात नंबर मी कोरा ठेवलाय. पागेचं रजिस्टर काढून बघितलं. सहा वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: तांबडी, तारेने पायाची शीर कापली, टाके चौदा, सलाईन सहा लिटर. रक्ताचा कुठे उल्लेख नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. "रजिस्टरचं नाही विचारलं, ताई. तुला विचारलंय."

बरं. ऐक मग. हे मी एकदाच लिहिणार, आणि खाडाखोड करणार नाही, नाहीतर पाठवणं होणार नाही.

ते सलाईन नव्हतं. रक्त होतं.

तांबडी तेव्हा दोन वर्षांची. कुंपणाच्या तारेत पाय घालून बसली आणि मी पोचेपर्यंत खालचा पेंढा लाल झालेला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. शीर बांधली, पण सलाईनवर ती जगली नसती, हे मला बघताक्षणीच कळलं. तू त्या दिवशी परीक्षेला गेलेला. मालकीणबाई परगावी. पागेत त्या वेळी रक्त काढण्याइतका मोठा, शांत आणि तब्येतीचा एकच घोडा होता, पांढरपाया. आठ दिवसांनी त्याची अडथळ्यांची मोठी स्पर्धा होती. मालकीणबाईंचा जीव की प्राण. त्याला सुई लावायची तर आधी त्यांना फोन करावा लागायचा, हा त्या पागेचा नियम.

मी फोन केला नाही. त्या नाही म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच केला नाही. काकांना गरम पाणी आणायला पाठवलं, सहा लिटर काढलं आणि शेजारच्या खणात नेऊन तांबडीला चढवलं. दोघांचं रक्त जुळतं का ते बघणारं क्रॉसमॅच केलं नाही. पहिल्या वेळी बहुतेक चालून जातं, आणि गेलंही. संध्याकाळी ती उभी राहून गवत खात होती. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी माझ्याइतकं भराभर आणि नेमकं काम कुणीच केलं नसतं. ते खोटं कशाला सांगू?

खोटं नंतरचं आहे. रजिस्टर उघडलं आणि सलाईन लिहिलं. पांढरपाया स्पर्धेत तीन दांडे पाडून नववा आला. सगळे म्हणाले, घोड्याचा दिवस नव्हता. मीही म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तांबडीचं पहिलं शिंगरू अशक्त जन्मलं, पायांवर उभं राहीना. तू घोडीचा चीक पिळून नळीने दोन लिटर त्याच्या पोटात घातलास. मालकीणबाईंनी विचारलं, कावीळ-बिवीळ होणार नाही ना, आणि तू छातीठोकपणे सांगितलंस, "पहिलटकरीण घोडीला हे होत नाही. तिच्या रक्ताची दुसऱ्या रक्ताशी गाठच पडलेली नसते." पुस्तकात तसंच आहे. तू बरोबर होतास. फक्त तांबडीच्या रक्ताची दुसऱ्या रक्ताशी गाठ मी पाडून ठेवली होती, आणि ते जगात एका मलाच माहीत होतं. त्या शिंगराच्या बापाचं रक्तही पांढरपायाच्याच गटाचं असणार.

मी तुझ्या शेजारी उभी होते, धाकट्या. तू नळी घालत होतास तेव्हा पेला मी धरला होता. तेव्हा मला आठवलं नाही, हे देवाशपथ खरं. आठवलं तिसऱ्या दिवशी, शिंगराचे डोळे पिवळे झाले तेव्हा. आणि त्यानंतर मालकीणबाई हौदापाशी सगळ्या माणसांसमोर तुला म्हणाल्या, "पुस्तकात नाही म्हणून माझं शिंगरू मेलं नाही का?" तेव्हा तर मला सगळंच माहीत होतं. तू खाली मान घालून उभा होतास आणि मी मूग गिळून उभी होते.

घरी आल्यावर मी तुझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हटलं आठवतं? "चुका सगळ्यांच्याच हातून होतात." हे वाक्य मला तीन वर्षं टोचतंय. बाकीचं एक वेळ भीतीने झालं असं म्हणता येईल. ते वाक्य मात्र मी शांतपणे, विचार करून म्हटलं होतं.

आता घाई का, ते सांगते. हा जो नवा नर मालकीणबाईंनी हौसेने आणलाय, तो पांढरपायाचा भाऊ आहे. एकाच बापाचे दोघे. म्हणजे तांबडीच्या रक्ताने ज्याच्याशी एकदा वैर धरलंय, तेच पुन्हा तिच्या पोटात असण्याची शक्यता दाट आहे. आणि नर बदलला म्हणून सगळे बिनघोर आहेत.

सात नंबरचं उत्तर "होय" आहे. सही मिळवायची तर मालकीणबाईंनाही हेच सांगावं लागेल. उद्या जाते.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

अर्ज सोबत आहे. सही आहे. दोन्ही नळ्या ताज्या, मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत काढलेल्या.

कसं झालं ते तुला कळायला हवं. कचेरीत बसून बोलायचं नाही, असं मी घरूनच ठरवून निघाले होते. तुला जिथे बोलल्या तिथेच, हौदापाशी. सकाळी घोडे पाणी प्यायला येतात त्या वेळी गेले, म्हणजे सगळी माणसं हजर असतात. मालकीणबाईंना म्हटलं, "दहा मिनिटं थांबा, आणि यांनाही थांबू द्या."

मग सांगितलं. तार, पांढरपाया, सहा लिटर, सलाईन, शिंगरू. तुला लिहिलं त्याच क्रमाने. एकदा लिहिलेलं असलं की बोलायला सोपं जातं.

मालकीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं असं तुम्हीच ठरवलंत?"

"हो."

थोडा वेळ त्या हौदाच्या काठावर नखाने शेवाळ खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हटलंच असतं. घोडी मेली असती." आणि लगेच, आवाज चढवून, "म्हणून काय झालं? तुमच्या भावाला मी काय काय बोलले! ते पोर इथे मान खाली घालून ऐकत होतं आणि तुम्ही दोन हातांवर उभ्या होतात!"

मी म्हटलं, "हो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो बरोबर होता, माहिती अपुरी होती. ती मी दाबून ठेवली होती."

काका मागून म्हणाले, "तरीच गरम पाणी आणलं तर ते कुणी वापरलंच नाही." सहा वर्षं त्या माणसाला ते पाणी खटकत होतं, बघ.

मालकीणबाईंनी अर्ज माझ्या पाठीवर ठेवून सही केली. टेबल नव्हतं जवळ. मग म्हणाल्या, "घोडी विईपर्यंत या. शिंगरू पायांवर उभं राहीपर्यंत या. त्यानंतर या पागेत तुमचं काम नाही." मी बरं म्हटलं. त्यांच्या जागी मी असते तर त्याच क्षणी हाकललं असतं.

रजिस्टरात ते पान उघडून खाली त्या दिवशीच्या तारखेने खरं काय ते लिहिलं. मालकीणबाईंनी वाचलं आणि कपाटात ठेवलं.

घरी आईला सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली. रात्रीचं जेवण माझ्यासमोर ठेवलं, पण बोलली नाही, अजून बोलत नाही. रविवारीही मला फोन लावायला सांगितलं नाही. म्हणजे तुला आता तिच्या बाजूनं कुणी त्रास देणार नाही. मला मात्र त्या हुकुमाची सवय झाली होती.

नमुने मिळताच बघ.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तुझा अहवाल आणि डबा दोन्ही पोचले होते, हे तुला ठाऊकच आहे. "तीव्र पॉझिटिव्ह. आईचा चीक एक थेंबही नको." सोबत दुसऱ्या घोडीचा, तुझ्याकडे तपासून गोठवलेला दोन लिटर चीक. आणि अकरा कलमांची सूचना-यादी, तिच्यात कलम चार: "चीक कोमट पाण्यात वितळवावा, उकळू नये." पंचवीस वर्षं हेच काम करतेय मी. तरी ती यादी तबेल्याच्या दारावर चिकटवली आणि कलम चार लाल पेनाने अधोरेखित केलं, काकांसाठी.

परवा पहाटे तांबडीच्या सडांच्या टोकाला मेणासारखे घट्ट चिकाचे थेंब दिसले आणि सकाळी नऊ चाळीसला ती व्याली. मादी आहे. तांबूस, कपाळावर काही नाही, पाय नुसते काठीसारखे लांब. काकांनी आधीच मऊ कातड्याचं मुसकं शिवून ठेवलं होतं. नाळ सुटली तशी मी ते तिच्या तोंडाला बांधलं. जगात आल्यावर वाट्याला आलेली पहिली वस्तू म्हणजे मुसकं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला लाथ मारली. म्हटलं, ही जगेल.

नाळेतल्या रक्ताचा एक थेंब घेऊन तिच्या आईच्या चिकात मिसळला. काचेवर बघता बघता तांबड्या गुठळ्या झाल्या, डोळ्यांना दिसतील एवढ्या. मालकीणबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन आल्या.

तुझा चीक बाटलीने पाजला. अर्धा लिटर, मग दर तासाने, आणि तो संपल्यावर भुकटीचं दूध. कलम सातप्रमाणे.

अवघड काम वेगळंच होतं. शिंगराला आईजवळच ठेवायचं, नाहीतर ती नंतर त्याला घेत नाही. म्हणजे ती पोर मुसकं बांधून आईच्या कासेला ढुशा देत होती, आई मान वळवून तिला चाटत होती, पुढे सरकून सड देत होती, आणि मी मध्ये हात घालून तोच चीक पिळून बादलीत घेत होते. दर दोन तासांनी. मग ती बादली मोरीत. तांबडीने मला एकदाही लाथ मारली नाही. मारली असती तर मला बरं वाटलं असतं. काका दाराशी बसून डोळे पुसत होते आणि मी त्यांच्यावर खेकसत होते, कारण मला खेकसल्याशिवाय रडू आवरत नव्हतं.

काल चोवीस तासांनी रक्त तपासलं. तुझ्या चिकातली प्रतिकारशक्ती अंगात उतरली आहे, हवी त्याहून जास्तच. हिरड्या गुलाबी. लघवी स्वच्छ.

आज सकाळी दहा वाजता, अठ्ठेचाळीस तास होऊन गेल्यावर, परत काचेवर थेंब घेतला. आईचं आजचं, चीक सरल्यानंतरचं दूध, पोरीचं रक्त. दोन वेळा केलं, तिसऱ्यांदा मालकीणबाईंच्या हातून करवलं. एक गुठळी नाही.

मुसकं सोडलं. आधी तिने आईचा गुडघा चोखला, मग पोटाची कातडी, मग चुकून माझी बाही. मग सापडलं. तांबडीने डोळे मिटले. फक्त चुटचुट आवाज येत होता. तुला लगेच कळवायला फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून "पितेय" एवढाच निरोप ठेवला.

माझं त्या पागेतलं काम संपलं. निघताना मालकीणबाई गाडीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुमच्या भावाला मी स्वतः लिहीन. तुमच्या हाती नाही देणार." बरोबर आहे त्यांचं.

ताई


५ मार्च

धाकट्या,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी एका मांजराचे कान साफ करत होते. नाव दिसलं आणि मांजर तसंच मालकाच्या हातात देऊन मागच्या खोलीत आले. त्या गृहस्थांनी पंधरा मिनिटं ते धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांवर ओरखडे होते. मी माफी मागितली. हल्ली जमतं.

तू आधी हिरड्यांचा रंग विचारलास. मग लघवीचा. मग किती वेळा पिते, शी कशी आहे, नाळ सुकली का. मी सांगत गेले. 

मग म्हणालास, "ताई, त्या पहिल्या शिंगराचं परत सांग."

मी सांगितलं. अशक्त शिंगराला दोन लिटर चीक नळीने देणं हेच बरोबर होतं. मी असते तरी तेच केलं असतं. कुणीही शहाण्या डॉक्टरने तेच केलं असतं.

तू म्हणालास, "परत सांग."

मी परत सांगितलं. मग तू म्हणालास की तीन वर्षांत एकाही नवजात जनावराला हात लावला नाहीस, म्हणून नळ्यांच्या खोलीत जाऊन बसलास, आणि लोकांना वाटतं तुला संशोधनाची आवड. मलाही तसंच वाटत होतं, किंवा वाटून घेणं सोयीचं होतं. मग परत म्हणालास, "सांग ना." तू सहा वर्षांचा असताना ताप चढला की असाच म्हणायचास, तीच गोष्ट, तोच शेवट, परत परत.

फोन ठेवेपर्यंत किती वेळा सांगितलं ते मोजलं नाही. पण फोनवरचं ऐकलेलं विसरतं, आणि शंका यायला वेळ लागत नाही. म्हणून हे कागदावर देते. मला क्षमा कर असं लिहीत नाही, ते तुझं तू बघ, घाई नाही.

ते शिंगरू तुझ्या हातून मेलं नाही. ते माझ्यामुळे मेलं. तुझे हात चांगले आहेत. हे पुन्हा ऐकावंसं वाटलं तर कधीही फोन कर, मी हातातलं जनावर खाली ठेवून सांगेन.

तुझी ताई